ऑफिसात सगळ्यांना मिळून एकच टॉयलेट असेल तर काय काय करून घ्यायचं

आधीच सांगते, हे मोठ्या आयटी पार्कमध्ये बसणाऱ्यांसाठी नाहीये, तिथे प्रत्येक मजल्यावर लेडीज वेगळं जेन्ट्स वेगळं असतं. हे आहे टूबीएचके फ्लॅटमध्ये थाटलेल्या ऑफिसांसाठी, म्हणजे सीए, आर्किटेक्ट, ट्रॅव्हलवाले, क्लासेस, छोटी क्लिनिकं, कॉम्प्लेक्समधले गाळे. माणसं बारा-पंधरा, त्यात बायका तीन-चार, आणि टॉयलेट एक. पुणे, ठाणे, नाशिक, कुठेही जा, चित्र साधारण हेच. मी अशाच ऑफिसांमध्ये अकाउंट्सबरोबर ॲडमिनचं काम बघत आलेय त्यामुळे कडीपासून डस्टबिनपर्यंत सगळं कुणाच्या तरी मागे लागून करून घ्यायची सवय झालीये.

माझं म्हणणं एवढंच आहे की टॉयलेट शेअर करण्यात तसा काही प्रॉब्लेम नसतो, त्रास होतो तो न लागणाऱ्या कडीचा, ओल्या सीटचा, आणि दारासमोर बसलेल्या माणसांचा, आणि ह्यातलं जवळजवळ सगळं सुतार, इलेक्ट्रिशियन आणि थोडी हलवाहलव ह्यात सुटतं. सुटत नाही कारण कुणी बोलतच नाही. बायका काय करतात, पाणी पीत नाहीत. सकाळी घरून जाऊन यायचं, दिवसभर एक बाटलीसुद्धा संपवायची नाही, आणि मग संध्याकाळी घरी पोचल्यावर चपला न काढता पळायचं. लघवी धरून ठेवणं आणि पाणी कमी पिणं ह्याने इन्फेक्शनचा धोका वाढतो हे कुठलाही डॉक्टर सांगेल, आणि त्यात कुणी प्रेग्नंट असेल किंवा शुगरवाली असेल तर तिला धरून बसणं शक्यच नसतं.

तर सुरुवात मोजण्यापासून करा. टॉयलेट खरंच एकच आहे का? टूबीएचके असेल तर बहुतेक वेळा दोन असतात, एक पॅसेजमधलं कॉमन आणि एक मास्टर बेडरूमला अटॅच्ड, आणि मास्टर बेडरूम म्हणजे अर्थातच साहेबांची केबिन. म्हणजे एक माणूस एक टॉयलेट आणि उरलेले चौदा एक टॉयलेट असा हिशोब असतो आणि तो वर्षानुवर्षं कुणाला खटकत नाही. ह्यावर उपाय दोन. एक म्हणजे साहेबांनी केबिन बदलून दुसरी खोली घ्यायची आणि अटॅच्डवालं लेडीजसाठी ठेवायचं, हे ऐकायला मोठं वाटतं पण ऑफिसचं काही फर्निचर बदलायचं निघालं की तेव्हा हळूच सुचवायचं, तेव्हा जमून जातं. दुसरा उपाय, अटॅच्ड टॉयलेटला बाल्कनीच्या किंवा पॅसेजच्या बाजूने दार पाडता येतंय का ते बघायचं, भिंत साधी विटांची असेल आणि जागामालक हो म्हणाला तर होतं ते काम. ते अटॅच्ड आहे पण "फाइल्स ठेवल्यात त्यात" असं असेल तर मात्र भांडा, फाइलींना कपाट मिळतं.

दोन नसतील, एकच असेल, तर मग दारापासून लागायचं.

दार बघा. ऑफिसातल्या टॉयलेटला एकतर पीव्हीसीचं दार असतं जे काही वर्षांनी वाकडं होतं, नाहीतर प्लायचं, जे पावसाळ्यात फुगतं. दोन्हीत कडी आणि तिचं भोक ह्यांची भेट होत नाही. मग आत गेल्यावर दार एका हाताने वर उचलून कडी सरकवायची, ती पण अर्धीच जाते, आणि पूर्ण वेळ एक डोळा दारावर. हे सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे, बिजागऱ्या कसायच्या, भोक थोडं खाली कोरून घ्यायचं, खालची कड रंधायची. सुतार आलाच आहे तर जुन्या कडीच्या जागी ते लाल-हिरवं दाखवणारं लॉक बसवून घ्या, ट्रेनच्या टॉयलेटला आत कुणी आहे की नाही कळतं तसलं. ह्याने दार ढकलून बघणं आणि "कोण आहे?" म्हणून ठोठावणं हे दोन्ही एकदम बंद होतं, आणि माझ्या मते ऑफिसच्या टॉयलेटसाठी केलेला सगळ्यात वसूल खर्च हाच. लॉक घेताना बाहेरून नाण्याने उघडता येतं असलं घ्या, आत कुणाला चक्कर आली तर दार तोडायला लागू नये.

मग खिडकी. जुन्या बिल्डिंगमध्ये काचेच्या पट्ट्या असतात तिरक्या, डक्टकडे उघडणाऱ्या, आणि त्यातली एखादी पट्टी हमखास पडलेली असते. पट्टी बसवून घ्या आणि काचेला धुरकट फिल्म चिकटवा, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. हवा कोंडेल म्हणून कुणी फिल्मला नाही म्हणत असेल तर एक्झॉस्ट फॅन लावा. आणि एक्झॉस्ट फॅनचं कनेक्शन लाइटच्याच बटणावर घ्यायला सांगा. म्हणजे लाइट लावला की फॅन सुरू. वास जातो हे आहेच, पण खरा फायदा आवाजाचा आहे. टॉयलेटचं दार आणि पहिलं टेबल ह्यात चार फूट अंतर असतं, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं, आणि त्यासाठी बायका नळ सोडून ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यात टँकर मागवायचा आणि इकडे बादली भरून वाहतेय.

चार फुटांवरून आठवलं, बसायची जागा. टॉयलेटच्या दाराकडे तोंड करून कुणालाच बसवू नका, ज्याला बसवलंय त्यालाही अवघड होतं खरं तर. टेबल फिरवता येत नसेल तर एक उंच कपाट आडवं लावून आडोसा करा. टॉयलेटशेजारी पॅन्ट्री असेल तर चहाचा अड्डा तिथून हलवा, बाहेर पडलं की समोर पाच जण कप घेऊन उभे, हे दिवसातून दोनदा कुणाला हवंय. आणि सीसीटीव्ही बघा प्लीज. पॅसेजमधला कॅमेरा बऱ्याचदा बरोब्बर टॉयलेटच्या दारावर रोखलेला असतो, लावणाऱ्याने वायर जिथे पोचली तिथे लावलेला असतो, पण स्क्रीन साहेबांच्या टेबलावर असते आणि कोण किती वेळा गेलं, किती वेळाने बाहेर आलं हे सगळं त्यात दिसतं. एका ऑफिसात "तुमचे ब्रेक जास्त होतात" असं एका मुलीला ऐकवलं गेलं ते ह्याच कॅमेऱ्यावरून. कॅमेरा एन्ट्रन्सकडे वळवायला शिडी आणि स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

आता आत. आतमध्ये हुक हवेत, एक नाही दोन-तीन, आणि एक छोटी फळी. बाईमाणसाचं टॉयलेटला जाणं म्हणजे काय असतं हे पुरुषांना खरंच माहीत नसतं. हुक नाही, फळी नाही, जमीन ओली. ओढणी गळ्याभोवती दोन वेढे, फोन दातात, पॅडचं पाकीट काखेत, सलवारची नाडी एका हातात आणि दुसऱ्या हाताने दार धरलेलं. साडीवाल्यांचं तर विचारूच नका. त्यात वरून बाहेरून कुणीतरी दार ढकलतं.

सीटचं भांडण सगळीकडे असतं, वर ठेवायची की खाली. मी ह्या वादात पडत नाही, मी म्हणते जागा असेल तर एक युरिनल बसवून टाका कोपऱ्यात, त्याला स्वतःचं दार किंवा निदान पार्टिशन करून. पुरुषांचं ऐंशी टक्के काम तिकडे होतं (हा माझा अंदाज, कुठला सर्व्हे नाही) आणि कमोड कोरडा राहतो. जागा नसेल तर आत एक वायपर आणि टिश्यू रोल ठेवा आणि नियम करा की जेट वापरला की सीट पुसायची, जो कुणी असेल त्याने. हा नियम फक्त पुरुषांना लावू नका, बायकाही सीट भिजवून जातात, आणि काही जणी कमोडवर पाय ठेवून उकिडव्या बसतात कारण त्यांना त्या सीटला टेकायचं नसतं. सीट कोरडी आणि स्वच्छ असली तर हे आपोआप कमी होतं.

डस्टबिन. झाकणाचा, पायाने उघडणारा, आतमध्ये काळी पिशवी, आणि टॉयलेटच्या आत, पॅसेजमध्ये नाही. शेजारी जुने पेपर कापून ठेवा. डस्टबिन नसला की पॅडचं दोनच ठिकाणी जाणं होतं, एकतर पर्समधून घरी किंवा कमोडमधून पाइपमध्ये, आणि पाइप तुंबला की प्लंबर ते सगळ्यांसमोर बाहेर काढतो आणि पुढचे दोन दिवस ऑफिसात एक विचित्र शांतता. २०१६ च्या घनकचरा नियमांतच पॅड नीट गुंडाळून द्यायचं असं लिहिलं होतं, आणि पुण्यात कचरावेचकांच्या स्वच्छ संस्थेने त्यावर लाल ठिपका करायची मोहीम चालवली होती, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या ताईंना न उघडता कळतं आत काय आहे. ऑफिसातही तेच करा, पेपर, त्यावर लाल स्केचपेनचा ठिपका. डस्टबिन रोज रिकामा व्हायला हवा आणि जी मावशी तो करते तिला ग्लोव्हज द्या. आणि हो, त्या मावशीला हेच टॉयलेट वापरू द्या, बऱ्याच ऑफिसांत तिला "खाली वॉचमनचं आहे तिकडे जा" सांगतात. धुणारी तीच, आणि वापरायला मात्र बंदी, हे मला कधी पटलेलं नाही.

आता मुख्य अडचण, बोलायचं कसं. एकटीने जाऊन लाजत लाजत सांगू नका आणि "बायकांना त्रास होतो" इथून सुरुवात पण करू नका, कारण त्यावर उत्तर ठरलेलं असतं, "घरी नाही का एकच असतं सगळ्यांना?" घरी एकच असतं हो, पण घरी कडी लागत नसेल तर बाहेर आई उभी असते, आणि घरच्या कुणाला बाहेर आल्यावर टॅलीच्या एन्ट्रीवरून जाब द्यायचा नसतो. ह्या वादात पडण्यापेक्षा प्रिंटर बिघडल्यावर जसा मेसेज टाकतो तसा टाका. मी साधारण असा टाकते:

"सर, टॉयलेटची तीन कामं राहिलीयेत. दाराची कडी बसत नाहीये, सुतार बोलवावा लागेल. खिडकीच्या काचेला फिल्म लावायचीये. आत पायाने उघडणारा डस्टबिन हवाय. सुतार आणि सामान मी बघते, पेटी कॅशमधून खर्चाला फक्त हो म्हणा."

ह्याला नाही म्हणणारा साहेब विरळा. त्याला करायचं काहीच नाहीये ना. जेन्ट्स लोकांशी बोलायचं असेल तर ऑफिसातला जो जरा समजूतदार दादा असतो, प्रत्येक ऑफिसात एक असतो, त्याला पुढे करा, त्याने "अरे सीट पुसत जा रे" म्हटलेलं चालतं, आपण म्हटलं की त्याचा विनोद होतो. दारावर भल्यामोठ्या सूचना चिकटवू नका, कुणी वाचत नाही.

कायद्याचं थोडक्यात. फॅक्टरी असेल तर प्रश्नच नाही, १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम १९ पासूनच स्त्री-पुरुषांना वेगळी सोय लागायची, आणि कामगारांच्या सुरक्षिततेच्या २०२० च्या नव्या कोडमध्ये तर पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर तिघांसाठी वेगळी असं लिहिलंय. दुकानं-ऑफिसांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, तो आला तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागांना लागू होता, २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर न्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. म्हणजे बारा-पंधराच्या ऑफिसात कायदा दाखवून फार काही हाती लागेल असं नाही, म्हणून तर हा सुताराचा रस्ता. इंग्लंडमधल्या आपल्या लोकांना उलट आहे, तिथे १९९२ च्या नियमांप्रमाणे स्त्री-पुरुषांना कॉमन टॉयलेट चालतं पण प्रत्येक टॉयलेट ही आतून बंद होणारी स्वतंत्र खोली पाहिजे, वरून खालून फटी असलेले कप्पे चालत नाहीत. मला हा निकष आवडतो, आपल्याकडे नवीन को-वर्किंगवाले "युनिसेक्स" म्हणून मिरवतात तिथे पहिलं दाराखालची फट बघा.

टीममध्ये कुणी ट्रान्सजेंडर असेल तर "लेडीज"ची पाटी लावायच्या आधी त्या व्यक्तीला विचारा, पूर्ण बंद होणारं कॉमन टॉयलेट त्यांच्यासाठी कधीकधी जास्त सोयीचं असतं.

आणि एक गोष्ट मात्र मेंटेनन्समध्ये मोडत नाही. कुणी डोकावलं, पट्ट्यांच्या फटीतून मोबाइल धरला, आत कुठे नको तिथे चार्जर किंवा भोक दिसलं (त्यात कॅमेरा लपवलेला असू शकतो), तर ते सरांना सांगून मिटवायचं प्रकरण नाही. टॉयलेट वापरणाऱ्या बाईला बघणं किंवा तिचं शूटिंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा सापडला तरी एक ते तीन वर्षं. वस्तूला हात लावू नका, आहे तिथे फोटो काढा, दार लावून घ्या आणि ११२ ला फोन करा. २०१३ च्या पॉश कायद्याखाली, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याखाली, तक्रार वेगळी, ती तीन महिन्यांच्या आत द्यायची. ऑफिसात दहापेक्षा कमी लोक असतील किंवा तक्रार मालकावरच असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, त्यासाठी ऑफिसातल्या कुणाची परवानगी लागत नाही.

नवीन नोकरी शोधताय त्यांच्यासाठी, इंटरव्ह्यूला गेलात की निघताना "वॉशरूम कुठे आहे?" विचारा आणि खरंच जाऊन या. कडी लावून बघा, हुक आहे का, डस्टबिन आहे का, बाहेर आल्यावर समोर कोण बसलंय. दोन मिनिटांचं काम आहे आणि सॅलरीच्या बोलण्याआधी उरकतं.