टेलिफोनची तार तोडली तरी अलार्मचा निरोप पोचला पाहिजे

घराच्या बाहेरच्या भिंतीवर, बहुतेक वेळा विजेच्या मीटरजवळ, टेलिफोन लाइनचा करडा प्लास्टिकचा डबा असतो. एक स्क्रू सैल केला की झाकण उघडतं. आत एका बाजूला टेलिफोन कंपनीच्या तारांची जोडी, दुसऱ्या बाजूला घरात जाणारी जोडी, आणि पुष्कळ डब्यांत मध्ये चाचणीसाठी एक छोटं सॉकेट. त्यातला प्लग उपसला की घरातली लाइन मेली. पक्कड लागत नाही, आवाजही होत नाही. मॉनिटरिंग सेंटरला (अलार्मवर दुरून लक्ष ठेवणाऱ्या केंद्राला) निरोप पाठवायची एकच वाट या डब्यातून जात असेल, तर सायरन घरात कितीही ओरडला तरी सेंटरला काही कळत नाही.

तार कोणाला तोडताच येऊ नये, याच्या मागे लागू नका. ते जमत नाही. जमण्यासारख्या गोष्टी तीन: तोडायला लागणारा वेळ थोडा वाढवणं, तोडल्याचं पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीला, लगेच कळवणं, आणि ते दुसऱ्या वाटेने बाहेर पोचवणं. तिसरी सर्वांत महत्त्वाची. लोक मात्र पहिलीवरच खर्च करून थांबतात.

लाइन आधी पॅनेलकडे, मग फोनकडे

बाहेरून आलेली लाइन थेट पॅनेलच्या टिप आणि रिंग (लाइनच्या दोन तारा) या टर्मिनलांवर यायला हवी. तिथून पुढे टी-१ आणि आर-१ या टर्मिनलांवरून घरातल्या फोनांकडे. डायल करायच्या क्षणी पॅनेलमधला रिले (विजेवर चालणारा स्विच) घरातले सगळे फोन तोडतो आणि लाइन स्वतःकडे घेतो. फोन आणि पॅनेल नुसते समांतर जोडले असतील, तर घुसलेल्या माणसाने एक रिसिव्हर उचलून बाजूला ठेवला तरी पॅनेलला डायल करता येत नाही. उत्तर अमेरिकेत यासाठी आरजे३१एक्स सॉकेट वापरतात: ४ आणि ५ वर आलेली लाइन, १ आणि ८ वर घरातले फोन. प्लग काढला की सॉकेटमधल्या पट्ट्या १ ला ४ शी आणि ५ ला ८ शी जोडतात, त्यामुळे पॅनेल बाजूला काढूनही फोन चालू राहतात.

जोडणी बरोबर आहे का, हे एका मिनिटात कळतं. पॅनेलला टेस्ट सिग्नल पाठवायला लावा आणि ते डायल करत असताना घरातला कुठलाही फोन कानाला लावा. फोन पूर्ण मुका असेल तर जोडणी ठीक. डायलिंगचे टिक-टिक सूर ऐकू आले तर लाइन समांतर जोडलेली आहे.

त्याच लाइनवर डीएसएल इंटरनेट असेल तर मॉडेमचा फाटा पॅनेलच्या आधी काढा आणि पॅनेलकडे जाणाऱ्या वायरवर फिल्टर बसवा. मॉडेम पॅनेलच्या पुढे जोडलेला असला, तर पॅनेल लाइन घेतं त्याच क्षणी इंटरनेट बंद पडतं. म्हणजे नेमकं अलार्म वाजताना. ही चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, कारण एरवी सगळं सुरळीत चालतं.

लाइन मेली हे पॅनेलला कसं कळतं

रिसिव्हर जागेवर असताना लँडलाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतं, उचलल्यावर ते ५ ते १० च्या आसपास उतरतं. तार तुटली की शून्य. बहुतेक पॅनेलांमध्ये हे व्होल्टेज दर काही सेकंदांनी तपासायची सोय असते, पण कारखान्यातून येताना ती बंद असू शकते किंवा नुसता कीपॅडवरचा दिवा लावते. प्रोग्रामिंगमध्ये जाऊन ती अशी ठेवा: सिस्टीम आर्म (पहाऱ्यावर) असताना लाइन गेली तर सायरन, आर्म नसताना कीपॅडवर बीप.

किती वेळ लाइन मेलेली राहिली म्हणजे बिघाड धरायचा, हा आकडा विचार करून ठरवा. ३० ते ६० सेकंद बहुतेक घरांना चालतात. त्याहून कमी ठेवलं तर एक्स्चेंजच्या कामात लाइन क्षणभर गेली तरी रात्री सायरन वाजतो, आणि चार खोट्या अलार्मनंतर घरातलं कोणीतरी ही सोयच बंद करून टाकतं. चार-पाच मिनिटं ठेवलं तर तेवढ्यात काम उरकून माणूस निघून गेलेला असतो. लाइन फायबरच्या डब्यातून किंवा व्हीओआयपी (इंटरनेट फोन) अडॅप्टरमधून येत असेल तर आधी मल्टिमीटर लावून प्रत्यक्ष व्होल्टेज मोजा. ते ४८ पेक्षा बरंच कमी असू शकतं.

या तपासणीची मर्यादाही ध्यानात ठेवा. पॅनेलला फक्त व्होल्टेज दिसतं. पलीकडे एक्स्चेंज जागं आहे का, हे दिसत नाही. व्होल्टेज आहे पण डायल टोन नाही, अशी लाइन त्याला ठणठणीत वाटते. त्यासाठी नियमित टेस्ट सिग्नल हवा. कॉन्टॅक्ट आयडी या पद्धतीत पॅनेल सेंटरला आकडी कोड पाठवतं; त्यात तो ६०२ या कोडने जातो, लाइन बिघाडाचा कोड ३५१. टेस्ट आठवड्याऐवजी रोज ठेवा, आणि सेंटरला स्पष्ट विचारा: टेस्ट आली नाही तर तुम्ही फोन करता का? नुसती नोंद होत असेल तर न आलेल्या टेस्टकडे कोणाचंच लक्ष जात नाही.

दुसरी वाट

लाइन तुटली की ३५१ हा कोड त्याच तुटलेल्या लाइनवरून जाऊ शकत नाही. म्हणून दुसरी वाट लागतेच. ब्रॉडबँडची केबल टेलिफोनच्याच डब्यातून, त्याच भोकातून आत येत असेल तर ती दुसरी वाट नव्हे; एकाच हिसक्यात दोन्ही जातात. मोबाइल नेटवर्कवरचा कम्युनिकेटर (पॅनेलचा निरोप बाहेर पाठवणारं यंत्र) हा खरा पर्याय. घेताना एलटीईवर (४जी) चालणारा घ्या, कारण अनेक देशांत २जी आणि ३जी नेटवर्क बंद झाली आहेत किंवा होत आहेत. अँटेना पॅनेलच्या लोखंडी पेटीच्या आत ठेवू नका. पेटीचं दार लावल्यावर सिग्नल पुन्हा बघा, उघड्या दाराने नाही.

कम्युनिकेटर जिवंत असल्याची खूण सेंटरला किती वेळाने देतो, हा आकडा विकणारा सहसा आपणहून सांगत नाही. युरोपच्या ईएन ५०१३६ मानकात त्याच्या पायऱ्या आहेत: एसपी२ मध्ये वाट तुटल्याचं कळायला २५ तासांपर्यंत लागू शकतात, एसपी३ मध्ये ३० मिनिटं, एसपी४ मध्ये ३ मिनिटं, एसपी५ मध्ये ९० सेकंद, एसपी६ मध्ये २० सेकंद. चोरी काही मिनिटांत होते, तेव्हा २५ तासांचा उपयोग घरफोडीसाठी नाही. मोबाइल सिग्नल जॅमरने दाबता येतो. इंटरनेट आणि मोबाइल या दोन्ही वाटांवर सेंटरचं लक्ष असेल तर एक गप्प झाली की दुसरी ते सांगते.

इंटरनेट फोनवरून पॅनेलमधला जुना डायलर (फोन लावून निरोप देणारा भाग) चालवत असाल तर सावध. कॉन्टॅक्ट आयडीत सेंटर १४०० आणि २३०० हर्ट्झचे सूर देऊन पॅनेलला बोलायची खूण करतं. आवाज दाबून पाठवणाऱ्या कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीत) हे सूर आणि पॅनेलचे आकडे विद्रूप होतात, पॅनेल पुन्हा पुन्हा डायल करत राहतं. अडॅप्टरमध्ये जी.७११ कोडेक सक्तीचा करा. शक्य असेल तर हा मार्ग सोडून थेट आयपी कम्युनिकेटरच लावा.

या सगळ्याला वीज लागते. पॅनेलमध्ये सहसा १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते. पॅनेल, कीपॅड, सेन्सर आणि कम्युनिकेटर मिळून ३०० मिलिअँपिअर घेत असतील तर हिशोबाने २३ तास होतात. जुनी होत जाणारी बॅटरी धरून १८ च्या वर मोजू नका. तीन ते पाच वर्षांत ती बदला. राऊटर आणि फायबरचा डबा पॅनेलच्या बॅटरीवर चालत नाहीत, त्यांना वेगळा यूपीएस लागतो.

डबा, पाइप आणि टॅम्पर स्विच

बाहेर उघडी दिसणारी वायर गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइपातून घ्या. डब्यावर कुलपाची धातूची पेटी बसवायची तर आधी टेलिफोन कंपनीला विचारा. त्यांचा कप्पा त्यांना उघडता आला पाहिजे. पेटीत टॅम्पर स्विच (झाकण उघडल्याचं कळवणारा) लावा, झाकण बंद असताना दाबलेला राहील असा, आणि त्याला २४ तास चालू राहणारा झोन (पॅनेलवरचं वेगळं सर्किट) द्या.

इथे हमखास एक चूक होते. झोनचा रेझिस्टर (तुमच्या पॅनेलच्या मॅन्युअलप्रमाणे १ के, २.२ के, ५.६ के किंवा आणखी काही) सोयीसाठी पॅनेलच्याच टर्मिनलवर लावला जातो. तो तिथे असला तर वाटेत दोन वायरी सोलून एकमेकींना जोडल्या की झाकण उघडलेलं पॅनेलला कळतच नाही. रेझिस्टर बाहेरच्या पेटीत, स्विचला सिरीजमध्ये हवा. मग वायर तोडली काय आणि शॉर्ट केली काय, अलार्म वाजतो. पॅनेलवरून वायरी सुट्या करून मोजा: झाकण बंद असताना रेझिस्टरची किंमत दिसली पाहिजे, उघडल्यावर सर्किट उघडं. स्विचवर पाणी झिरपलं तर आकडे डळमळतात, म्हणून वायर पेटीत खालून आणा आणि आत जाण्याआधी तिला खाली एक झोल द्या.

पॅनेल मुख्य दाराजवळ लावू नका. आत आल्यावर कोड दाबायला दिलेल्या ३० सेकंदांत ते फोडता येतं आणि निरोप निघतच नाही. पॅनेल आतल्या खोलीत कपाटात, कीपॅड दाराशी. बाहेरचा सायरन स्वतःची बॅटरी असलेला घ्या, वायर कापली तरी वाजणारा. इन्स्टॉलर कोड कारखान्याचाच राहिला असेल तर आजच बदला, तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो. फोनवरून प्रोग्रामिंगची सोय वापरत नसाल तर बंद करा.

तोडून बघा

आधी सेंटरला कळवून तुमची नोंद टेस्टवर टाकून घ्या, म्हणजे येणारे अलार्म ते खरे धरणार नाहीत. सिस्टीम आर्म करा, बाहेरच्या डब्यातला प्लग काढा आणि घड्याळ लावा. सायरन किती सेकंदांनी वाजला ते लिहा. प्लग तसाच बाहेर ठेवून एक सेन्सर चालवा, मग मेन स्विच बंद करून हेच पुन्हा करा. सेंटरकडून प्रत्येक सिग्नलची वेळ आणि वाट मागा. अलार्म मोबाइलने पोचला आणि ३५१ आलाच नाही, तर कम्युनिकेटरला लाइन बिघाड पाठवायला सांगितलेलंच नाही. प्रोग्रामिंगमध्ये तो कोड चालू करा. प्लग परत लावल्यावर लाइन पूर्ववत झाल्याचा सिग्नलही यायला हवा. शेवटी सेंटरला पुन्हा फोन करून नोंद टेस्टवरून काढून घ्या.