‘काऊ’ या इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि कूळ कसे शोधावे

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतील मराठी शाळांत इंग्रजीच्या तासाला प्राण्यांची जी पहिली नावे शिकवली जातात, त्यांत ‘काऊ’ असतेच. मूल ‘काऊ म्हणजे गाय’ एवढे वहीत लिहिते आणि पुढच्या शब्दाकडे वळते. ज्या मुलाचा दिवस गोठ्यातील शेणगोठा आवरून सुरू होतो, त्याला हा शब्द परका वाटावा याचे मला वाईट वाटते, कारण त्याच्या दावणीची गाय आणि पुस्तकातील ‘काऊ’ हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. हे नुसते सांगून पटणार नाही. ते तपासून दाखवावे लागते. शिक्षकाला किंवा जिज्ञासू वाचकाला ते स्वतः करता यावे, यासाठी त्याची रीत येथे क्रमाने मांडली आहे.

आरंभ नेहमी अर्थांपासून करावा. चांगला इंग्रजी कोश उघडून त्या शब्दाचे सगळे अर्थ एका पानावर उतरवून घ्यावेत. ‘काऊ’चा मूळ अर्थ व्यालेली गाय असा आहे, न व्यालेल्या कालवडीला इंग्रजीत ‘हेफर’ असा वेगळा शब्द आहे आणि गुरे पाळणाऱ्या कोणत्याही समाजाला असा भेद लागतोच. याशिवाय हत्तीण, देवमाशाची मादी, सीलची मादी यांनाही इंग्रजीत ‘काऊ’ म्हणतात. मग लाक्षणिक अर्थ येतात. ज्या गोष्टीवर टीका करणे वर्ज्य मानले जाते तिला ‘सेक्रेड काऊ’ म्हणतात, आणि हा वाक्प्रचार भारतातील गायीच्या पूज्यतेवरूनच इंग्रजीत रुजला. एखादी गोष्ट अनिश्चित काळ चालू राहील असे म्हणायचे असेल, तर इंग्रज ‘गायी घरी येईपर्यंत’ असे म्हणतो. आपल्याकडे मात्र गायी घरी येण्याची वेळ अगदी नेमकी मानली जाते. गोरज मुहूर्तावर लग्ने लागतात. तोच प्रसंग दोन भाषांनी किती वेगळ्या रीतीने पाहिला, हे मुलांना अवश्य सांगावे.

यानंतर केवळ दिसायला सारखे असणारे शब्द बाजूला काढावेत. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नये. ‘काऊ’ हे इंग्रजीत क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ धाक दाखवून नमवणे असा होतो. ते बहुधा स्कँडिनेव्हियातील प्राचीन नॉर्स भाषेतील ‘कूगा’ या दडपणे अशा अर्थाच्या क्रियापदावरून आले असून त्याचा गायीशी संबंध नाही. ‘कॉवर्ड’ म्हणजे भित्रा, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी शेपूट या अर्थाचा लॅटिन शब्द ‘काउदा’ आहे. आपण ‘शेपूट घालणे’ म्हणतो, त्याच्या तो फार जवळचा आहे. ‘काउरी’ तर आपलीच कवडी. आणि पहिलीच्या वर्गात ‘काऊ’ म्हटल्यावर ज्या मुलांना कावळा आठवतो, त्यांना सांगावे की तो शब्द पक्ष्याच्या आवाजावरून झालेला आहे आणि अशा साम्यावरून शब्दांचे नाते ठरत नाही.

तिसरी पायरी म्हणजे शब्दाचे सर्वांत जुने रूप शोधणे. आजच्या रूपावरून मूळ ठरवू नये. यासाठी ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश उपयोगी पडतो. त्याचा पहिला भाग 1884 मध्ये आणि संपूर्ण कोश 1928 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि प्रत्येक शब्दाचे जुने प्रयोग त्यात कालक्रमाने दिलेले असतात. प्राचीन इंग्रजीत गायीला ‘कू’ म्हणत. ‘माऊस’चे ‘माइस’ होते तसे या शब्दाचे अनेकवचनही आतला स्वर बदलून होत असे, आणि त्याचा एक वंशज ‘काइन’ जुन्या इंग्रजी बायबलमध्ये आढळतो. जर्मनमध्ये आजही ‘कू’ म्हणतात.

आता मुख्य तपासणी. इंग्रजी ‘कू’ आणि संस्कृत ‘गो’ यांचे पहिले व्यंजन वेगळे आहे, मग ते एकच कसे? याचे उत्तर ध्वनिबदलाच्या नियमात आहे, जो याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने 1822 मध्ये पद्धतशीर मांडला: संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांनी ज्या मूळ भाषेपासून जन्म घेतला तिच्यातील ‘ग’ जर्मन-इंग्रजीच्या शाखेत ‘क’ झाला. संस्कृत ‘युग’ म्हणजे जू आणि इंग्रजी ‘योक’ म्हणजेही जूच, हे शेतकऱ्याच्या घरातील उदाहरण सर्वांत आधी द्यावे. ‘गो’मधील मूळ ध्वनी थोडा निराळा, ओठ गोल करून उच्चारलेला ‘ग्व’ होता. तो संस्कृतात ‘ग’, इंग्रजीत ‘क’ आणि ग्रीकमध्ये बहुधा ‘ब’ झाला. म्हणून गाय ग्रीकमध्ये ‘बूस’ ठरते. एका शब्दावर विसंबू नये, दुसरा घेऊन पडताळा पाहावा: संस्कृत ‘गम्’, ग्रीक ‘बाइनो’, इंग्रजी ‘कम’. तीच तीन व्यंजने त्याच तीन भाषांत पुन्हा येतात, आणि हाच खरा पुरावा आहे.

येथे बहुतेकांची फसगत होते ती इंग्रजी ‘गो’ या क्रियापदाने. ‘गम्’ आणि ‘गो’ या दोहोंचा अर्थ जाणे, दोहोंच्या आरंभी ‘ग’, म्हणून ते एकच असावेत असे वाटते. परंतु नियमानुसार संस्कृत ‘ग’च्या जागी इंग्रजीत ‘क’ यायला हवा. इंग्रजी ‘ग’च्या जागी संस्कृतात ‘घ’ किंवा ‘ह’ सापडतो, जसे ‘गूस’ आणि ‘हंस’. म्हणून आपला ‘गेला’ इंग्रजी ‘कम’च्या कुळातला आहे, ‘गो’च्या नव्हे.

बैलासाठी हीच रीत वापरल्यास इंग्रजी ‘ऑक्स’ संस्कृत ‘उक्षन्’पर्यंत पोहोचतो. ‘बीफ’ मात्र वळसा घेऊन आला आहे: लॅटिन ‘बोस’, त्यातून फ्रेंच ‘बफ’, आणि 1066 मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर इंग्रजी. ‘बोस’ हाही ‘गो’च्याच कुळातला, म्हणजे एकच मूळ शब्द ‘काऊ’ आणि ‘बीफ’ अशा दोन वाटांनी इंग्रजीत शिरला.

शेवटी आपल्या बाजूची नोंद करावी. संस्कृत ‘गोष्ठ’पासून गोठा, ‘गोरूप’पासून गुरू म्हणजे जनावर आणि त्याचे अनेकवचन गुरे, ‘गवेषणा’ म्हणजे मुळात गायीचा शोध. मराठी शब्दांसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश हाताशी ठेवावा. पण खान्देशात कोशांपाशी थांबून चालणार नाही, कारण अहिराणी, लेवा गणबोली, भिल्ली, पावरी या बोलींतील गुरांचे पुष्कळ शब्द केवळ बोलणाऱ्यांच्या तोंडी आहेत. मुलांना गुरांच्या बाजारात, पोळ्याच्या दिवशी घरोघरी, आजी-आजोबांजवळ पाठवावे. गायीच्या वयावरून, रंगावरून, शिंगांवरून आणि स्वभावावरून पडलेली नावे ऐकू येतील तशीच लिहून घ्यायला सांगावे, आणि प्रत्येक शब्दापुढे गाव, बोली, सांगणाऱ्याचे अंदाजे वय व त्यानेच सांगितलेला अर्थ नोंदवावा. मूळ आपल्या तर्काने भरू नये. जेथे नियम जुळत नाही तेथे ती जागा रिकामी ठेवावी.