बायोफिल्टर बसवताय? आधी पाण्याचं बघा

बायोफिल्टर, म्हणजे घाण वासाची हवा बॅक्टेरियांकडून साफ करून घेणारा फिल्टर, त्याचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला, बॅक्टेरिया कुठून आणायचे? अहो ते कंपोस्टमध्ये असतातच, त्यांचं टेन्शन घेऊ नका, टेन्शन घ्यायचं ते पाण्याचं.

प्रकार तसा साधा आहे, कंपोस्ट आणि लाकडाचे तुकडे यांचा साधारण 1 मीटरचा थर करायचा, त्यातून घाण हवा सावकाश सोडायची, वायू त्या ओलाव्यात विरघळतो आणि जंतू तो खाऊन टाकतात. पण हवा भरपूर आणि वायू कमी असेल तरच हे परवडतं. अल्कोहोल, ॲसिटोन, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, हे चालतं. क्लोरीनवाले सॉल्व्हंट असतील तर साध्या बायोफिल्टरच्या नादी लागू नका.

साइज काढायला हवा थरात किती सेकंद थांबणार ते धरा, बहुतेक ठिकाणी 30 ते 60. समजा ताशी 3600 घनमीटर हवा आहे, म्हणजे सेकंदाला 1, मग 45 सेकंदांसाठी 45 घनमीटर मीडिया, म्हणजे ते कंपोस्ट-लाकडाचं मिश्रण, लागला, म्हणजे 1 मीटर थराला 45 चौरस मीटर जागा. हो, जागा खातो हा प्रकार.

आता पाणी. मीडियात ओलावा 40 ते 60 टक्के हवा. हवा आत जायच्या आधी ह्युमिडिफायरमधून जवळपास पूर्ण ओली करून घ्या, धूळ आणि तेलकट वाफ पण तिथेच अडवा, आणि हवा गरम असेल तर 40 अंशांच्या खाली आणा. एवढं करूनही थर वाळतोच कारण जंतू खाताना उष्णता सोडतात. आणि गंमत अशी की हवा खालून येत असेल तर वाळतो तळ आणि आपण पाणी मारतो वरून, वर चिखल आणि खाली भुसा! म्हणून जमलं तर हवा वरून खाली सोडा, म्हणजे स्प्रेचं पाणी जिथे वाळतं तिथेच पडतं. चेक करायला खोलातला मीडिया मुठीत दाबा, गोळा झाला पाहिजे पण पाण्याची धार लागता कामा नये.

प्रेशर ड्रॉप, म्हणजे थरात शिरताना आणि बाहेर पडताना हवेच्या दाबात पडणारा फरक, रोज लिहून ठेवा. हळूहळू वाढतोय म्हणजे मीडिया दबतोय किंवा चोंदतोय, एकदम पडला तर कुठेतरी भेग गेली आणि हवा तिथूनच पळतेय.

हायड्रोजन सल्फाइड असेल तर सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं आणि पीएच घसरतो, त्यासाठी मीडियात आधीच चुनखडीचा चुरा मिसळा.

चालू केल्या केल्या वास जाणार नाही, जंतूंना सवय व्हायला काही दिवस ते काही आठवडे द्या. मीडिया 3 ते 5 वर्षांनी बदलावा लागतो, आणि तेव्हा बंद टाकीत गॅस मीटर लावल्याशिवाय कोणाला उतरवू नका, हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला वास येणंच बंद होतं.