बाळाशिवाय पहिली रात्र: तयारी दोन आठवडे आधीची

पहिल्यांदा रात्रभर बाहेर राहायचं ठरलं की आई-बाबा बाळाचे कपडे मोजायला घेतात. कपडे ऐन वेळीही सापडतात. आधीपासून करायचं काम वेगळंच आहे. बाळ सांभाळणाऱ्या माणसानं त्या रात्रीची सगळी कामं तुमच्या देखत एकदा तरी केलेली असायला हवीत: दूध कोमट करणं, ढेकर काढणं, अंधारात डायपर बदलणं, पहाटे तीनला टक्क जागं झालेलं बाळ पुन्हा झोपवणं. हात बसलेला असला की रात्र बहुधा निभते. हात बसलेला नसेल, तर कितीही सूचना लिहून ठेवा, पहाटे फोन येतोच.

कधी जायचं

बाळ अंगावर पीत असेल तर पहिले सहा आठवडे तरी थांबावं. बाळ किती वेळा ओढतं यावर त्या काळात दुधाचं प्रमाण बसत असतं. पुढे योग्य वय असं काही ठरलेलं नाही, चुकीचे दिवस मात्र आहेत. लस टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, तेव्हा नको. सर्दीत नको, घर बदललंय त्या आठवड्यात नको. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा त्याला रोजची औषधं असतील, तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला.

सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास बाळाला कळू लागतं की नजरेआड गेलेली आई कुठेतरी आहेच. तेव्हापासून ती दिसेनाशी झाली की रडं सुरू होतं, आणि वर्षाच्या आगेमागे ते सगळ्यात जोरात असतं. त्यामुळे चार महिन्यांचं बाळ एका रात्रीसाठी दहा महिन्यांच्या बाळापेक्षा सहज राहतं. पुष्कळांना हे उलट वाटतं. मोठ्या बाळाला ठेवू नये असं मुळीच नाही, त्याला त्या माणसाची सवय व्हायला जास्त दिवस द्यावे लागतात.

शक्य असेल तर बाळ त्याच्याच घरात राहू द्या आणि तुम्ही बाहेर जा. रात्री जाग आल्यावर तोच पाळणा, तोच अंधार, तोच पंख्याचा आवाज असला की निम्मं काम होतं. पहिल्या वेळी पाऊण तासात परत येता येईल, त्याहून लांब जाऊ नका.

रंगीत तालीम

तालमी दोन करा. पहिली संध्याकाळची, चार तासांची. तिच्यात एक दूध आणि रात्रीची झोपवाझोपवी आलीच पाहिजे, नुसतं खेळवणं मोजायचं नाही. दुसरी पूर्ण रात्रीची: सांभाळणारं माणूस बाळाच्या खोलीत, तुम्ही शेजारच्या खोलीत. ही दुसरी तालीम फसते ती एकाच कारणानं. बाळाचा पहिला हुंकार ऐकला की आई दार उघडून बाहेर येते. म्हणून आधी ठरवून टाका की बाहेरून दारावर थाप पडल्याशिवाय उठायचं नाही. रात्री बाळं झोपेतच कुरकुरतात, चुळबुळतात आणि काही वेळा आपली आपण पुन्हा झोपी जातात. लगेच उचललं की ती पुरती जागी होतात. सांभाळणाऱ्याला हे कळायचं तर त्याला ती एक-दोन मिनिटं थांबायची संधी मिळायला हवी.

दुधाचा हिशेब

एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसभरात सरासरी ७५० मिलीच्या आसपास दूध पितं. तुम्ही संध्याकाळी सहाला निघून सकाळी दहाला परतणार असाल तर ते १६ तास झाले, म्हणजे साधारण ५०० मिली. वर सांडलवंड आणि जास्तीची भूक धरून १२० मिली ठेवा. रोज सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर एकदा पंप लावला आणि ५० मिलीच्या आसपास निघालं, तर एवढं साठायला बारा-तेरा दिवस लागतात. दोन आठवडे आधी सुरुवात करायची ती यासाठी. शेवटच्या दोन दिवसांत सगळं काढायला बसलं तर बाळाच्या वाट्याचंच कमी पडतं.

साठवताना ६० ते ९० मिलीचे लहान वाटे करा. बाळानं तोंड लावलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यावं लागतं, आणि मोठी पिशवी उघडली की नासाडीही मोठी होते. नुकतं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस आणि फ्रीजरमध्ये सहा महिने चांगलं राहतं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, दार उघडझाप झालं की तिथलं तापमान वरखाली होतं. मागच्या बाजूला ठेवा. गोठताना दूध फुगतं, म्हणून पिशवी काठोकाठ भरू नका. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि मिली लिहा. आदल्या रात्री लागेल तेवढंच फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. पूर्ण वितळल्यापासून ते २४ तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

वितळलेल्या दुधावर सायीचा थर येतो आणि खाली पाणीदार, निळसर दूध दिसतं. माहीत नसलेलं माणूस ‘फाटलं’ म्हणून ते ओतून देतं, आणि बारा दिवसांची मेहनत मोरीत जाते. हे त्यांना प्रत्यक्ष दाखवा: बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करायची, काही मिनिटांनी हलकेच गोल फिरवायची, थर मिसळतो. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकायचे. ना गार, ना गरम असं वाटलं की झालं. मायक्रोवेव्ह नको. त्यात दूध सगळीकडे सारखं तापत नाही, बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतला एखादा घोट तोंड भाजतो.

काही आयांचं दूध साठवलं की त्याला साबणासारखा वास येतो. दुधातलं चरबी फोडणारं द्रव्य थंडीतही काम करत राहतं, त्याचा हा परिणाम. दूध खराब झालेलं नसतं, पण काही बाळं त्याला तोंड लावत नाहीत. हे त्या रात्री कळून उपयोग नाही. पहिल्या आठवड्यातच एक पिशवी वितळवून बाळाला देऊन बघा. नाकारलं तर पुढचं दूध काढल्या काढल्या कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, लगेच गार करा आणि मग गोठवा.

पावडरचं दूध असेल तर त्याच डब्यातला चमचा, सपाट भरून, आणि बाटलीत आधी पाणी मग पावडर. लहान बाळासाठी उकळलेल्या पाण्यात अर्ध्या तासाच्या आत, ते किमान ७० अंश असताना पावडर पडायला हवी, आणि नंतर बाटली गार करायची. तयार दूध दोन तासांत वापरायचं, पाजायला सुरुवात केली की तासाभरात. ‘पोटभर झोपेल’ म्हणून एक चमचा जास्त घालणं धोक्याचं आहे, घट्ट दुधाचा भार बाळाच्या मूत्रपिंडांवर पडतो. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही आणि वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही. मधातून होणारी बोटुलिझमची विषबाधा तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. हे शब्दांत सांगून टाका, माहीत असेलच असं धरून चालू नका.

बाटली तोंडात घेत नसेल तर

रोज एकदा, दोन आठवडे. पाजणारी आई नको, कारण तिच्या अंगाला वास येतो तोवर बाळ बाटलीशी तडजोड का करील? आईनं त्या वेळी घराबाहेरच पडावं. बाळ भुकेनं कासावीस झाल्यावर नाही, थोडी भूक लागली असतानाच द्या. बाळाला बऱ्यापैकी उभं धरा, बाटली जवळजवळ आडवी, निपल सगळ्यात कमी धारेचं. निपल ओठांवर टेकवा आणि बाळानं स्वतः तोंडात घ्यायची वाट पाहा. चार-सहा घोट झाले की बाटली किंचित खाली करून दम घेऊ द्या. असं पाजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि लागायलाच हवीत. उताणं झोपवून बाटली उलटी धरली की पाच मिनिटांत संपते, बाळाला पोट भरल्याचं कळत नाही, ते आणखी मागतं, मग ओकतं, आणि मध्यरात्रीपर्यंत रात्रभराचं दूध संपलेलं असतं. बाटली नकोच म्हणत असेल तर वाटी-चमच्यानं किंवा छोट्या कपानं पाजायला शिकवा. दूध ओठांशी न्यायचं, तोंडात ओतायचं नाही.

आईचं अंग

बाळ घरी आहे हे अंगाला कळत नाही. निघण्याच्या अगदी आधी पाजा आणि मग बाळाच्या वेळेनुसार दर तीन-चार तासांनी दूध काढा. रात्री एकच लांब झोप घ्यायची तर पाच-सहा तासांचा गजर लावा. पहिली रात्र सलग झोपायचा बेत करणाऱ्या बायका पहाटे दगडासारख्या गच्च छातीनं उठतात. तेव्हा पंप लावला तर दूध येत नाही, कारण निपलभोवतालचा भागच सुजून ताठ झालेला असतो. अशा वेळी बोटांची टोकं निपलच्या अगदी भोवती ठेवून मिनिटभर छातीकडे हलकेच दाबा, तो भाग मऊ पडला की मग पंप. भार हलका होईपर्यंतच काढा. शेवटच्या थेंबापर्यंत काढलं तर शरीर पुढच्या वेळी जास्त दूध तयार करतं. नंतर गार पट्टी ठेवा. लालसर चट्टा, ठणका, थंडी वाजून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

बॅगेत चार्जर, पंपाची एक जादा झडप (हीच नेमकी हरवते), पॅड, सैल ब्रा आणि एक जास्तीचा गडद कपडा हवा. शेजारच्या टेबलावर कुणाचं बाळ रडलं तरी पान्हा फुटतो. हातानं दूध काढायलाही शिकून ठेवा, पंप बिघडला तर तेच कामी येतं. काढलेलं दूध बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थंड पेटीत २४ तास टिकतं.

झोपेची जागा, इथे तडजोड नाही

सांभाळणाऱ्यांनी आपली मुलं कदाचित पालथी झोपवून वाढवली असतील. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हा सल्ला जगभर बदलला, बाळांना उताणं झोपवायला सुरुवात झाली आणि झोपेतले अचानक मृत्यू खूप कमी झाले. रोज उताणं झोपणारं बाळ एकाच रात्री पालथं झोपवलं तर त्याचा धोका पालथ्याची सवय असलेल्या बाळाहूनही जास्त असतो. ‘एक रात्र चालेल’ हे इथे नेमकं उलटं आहे. मान राखून पण स्पष्ट बोला. उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी नाही, सैल पांघरूण नाही, खेळणी नाहीत.

सगळ्यात घातक जागा सोफा. रात्री तीनला पाजताना माणसाचा डोळा लागतो आणि बाळ फटीत सरकतं. पाजायची जागा आधीच ठरवून द्या, पेंग येऊ लागली तर बाळ आधी पाळण्यात ठेवायचं. थंडी वाजते का, हे हातापायांवरून ठरवू नका, ते गारच असतात. मानेमागे हात घालून बघायचं. घाम लागला तर एक कपडा कमी.

आईच्या वासाचा सदरा पाळण्यात ठेवायचा सल्ला फिरत असतो. सैल कापड पाळण्यात नकोच. सांभाळणाऱ्यानं तो खांद्यावर टाकून बाळाला घ्यावं, काम तेच होतं.

भिंतीवरचा कागद

एकच पान, मोठ्या अक्षरात, फ्रिजवर. फोनमधला लांब संदेश रात्री तीनला कुणी शोधत नाही. नुसत्या वेळा लिहू नका, बाळाच्या खुणा लिहा. म्हणजे असं:

‘कान ओढायला लागली की झोप आलीय, दहा मिनिटांत खोलीत न्या. डाव्या खांद्यावर ढेकर लवकर येतो. दूध ९० मिली, वर मागितलं तर ३०. पाठीवर नाही, कुल्ल्यांवर संथ थोपटा.’

औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला डोस मिलीमध्ये आणि किती तासांनी, एवढं लिहा आणि तीच बाटली कागदाजवळ ठेवा. पॅरासिटामॉलचे थेंब सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतात. सिरपचा डोस थेंबांच्या बाटलीतून मोजला की घोटाळा होतो. खाली ठळक लिहा: तीन महिन्यांच्या आत ३८ अंश किंवा जास्त ताप, श्वासाला त्रास, ओठ निळसर, हिरवी उलटी, झटके किंवा अंग लुळं पडणं, यातलं काही दिसलं तर आधी दवाखाना, मग आम्हाला फोन. पत्ता, डॉक्टरांचा नंबर आणि उपचाराला तुमची संमती असल्याची सही केलेली चिठ्ठीही तिथेच ठेवा.

एक गोष्ट तोंडानं सांगायलाच हवी. काही केल्या रडं थांबेना आणि आपला तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच-दहा मिनिटं बाहेर जायला हरकत नाही. बाळाला गदागदा हलवायचं कधीही नाही, त्यानं मेंदूत रक्तस्राव होतो. ही मुभा तुमच्या तोंडून मिळाली की सांभाळणारं माणूस ती वापरतं.

निघताना आणि नंतर

झोपायच्या दोनेक तास आधी निघा, म्हणजे रडं आलंच तर ओसरायला वेळ मिळतो. बाळाचं लक्ष नसताना पळ काढू नका. मोठी बाळं मग पुढचे कित्येक दिवस तुम्हाला बाथरूमलाही जाऊ देत नाहीत. पापा, ‘सकाळी येते’, आणि दार.

फोनचा नियम ठेवा: झोपल्यावर एक संदेश, सकाळी उठल्यावर एक. वाजणारा फोन फक्त अडचणीसाठी. झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल नको, आई दिसते पण घेत नाही म्हणून शांत असलेलं बाळही रडू लागतं. परत कधी यायचं हेही आधी ठरवा: ओळीनं दोन दुधं नाकारली, तासभर रडं थांबलं नाही किंवा ताप आला, तर निघायचं. दोघांपैकी एकानं रात्रभर गाडी चालवण्याच्या स्थितीत राहायचं.

सकाळी दारात बाळ तोंड फिरवील किंवा तुम्हाला बघूनच भोकाड पसरील. हिसकून घेऊ नका. त्याच खोलीत बसा, बोला, त्यानं हात पुढे केला की घ्या. भूक असेल तर आधी पाजा, म्हणजे तुमचीही छाती हलकी होईल. नंतर सांभाळणाऱ्याला विचारा: किती मिली गेलं, किती वेळा उठलं, कशानं झोपलं. ते त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा आणि वितळलेलं उरलेलं दूध ओतून द्या.