अ‍ॅनिमेशन लघुपट शोधताना आणि पुढे पाठवताना या चुका टाळा

अनोख्या तंत्राने केलेला अ‍ॅनिमेशन लघुपट आपल्यापर्यंत आता बहुधा तुकड्याच्या रूपातच पोहोचतो: अर्ध्या मिनिटाची, मोबाइलसाठी उभी कापलेली चित्रफीत, तिच्यावर भलतेच संगीत, आणि कर्त्याच्या नावाचा पत्ता नाही. तो तुकडा तसाच पुढे पाठवणे ही सर्वांत घातक चूक होय. अलेक्सांद्र पेत्रोव्ह या रशियन दिग्दर्शकाने ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ (१९९९) या लघुपटासाठी काचेवर तैलरंगांनी २९,००० हून अधिक चित्रे रंगवली. या तंत्रात एका चित्राचे छायाचित्र घेतले की त्याच ओल्या रंगात फेरफार करून पुढचे चित्र काढले जाते, म्हणजे आधीचे चित्र कायमचे पुसले जाते आणि त्या सगळ्या श्रमांचा पुरावा म्हणून केवळ चित्रपटच उरतो. त्यावरचे नावही आपण गाळले, तर कर्त्याकडे परत जाण्याची वाटच बंद होते.

नाव हरवलेले असेल, तर ज्या चौकटीवर (फ्रेमवर, म्हणजे चित्रफितीतल्या एका स्थिर चित्रावर) नंतर चिकटवलेली अक्षरे नाहीत अशी एक चौकट थांबवून तिचे चित्र घ्यावे आणि त्यावरून चित्रशोध करावा. तेवढ्याने भागले नाही, तर तंत्राच्या नावाने शोधावे. मात्र त्यासाठी तंत्र नेमके ओळखता आले पाहिजे, आणि गफलत होते ती इथेच. प्रेक्षकांसमोर मंचावर वाळूत चित्रे काढणे आणि वाळूचे अ‍ॅनिमेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरोलाइन लीफ यांनी ‘द आउल हू मॅरीड अ गूज’ (१९७४) मध्ये खालून उजळलेल्या काचेवरची वाळू किंचित किंचित सरकवत एकेक चौकट टिपली. पिनस्क्रीनवरचा चित्रपट पाहून अनेकांना तो कोळशाने रेखाटल्यासारखा वाटतो, पण तिथे पडद्यात खोचलेल्या असंख्य टाचण्या कमी-अधिक बाहेर काढून, बाजूने पडणाऱ्या प्रकाशातील त्यांच्या सावल्यांनी करड्या छटा साधलेल्या असतात. पिक्सिलेशनचा तर संगणकाच्या पिक्सेलशी काहीही संबंध नाही: नॉर्मन मॅक्लॅरेन यांच्या ‘नेबर्स’ (१९५२) मध्ये जिवंत माणसेच बाहुल्यांप्रमाणे चौकटीगणिक हलवलेली आहेत.

देशावरून शोधण्याचीही सवय सोडावी. इशू पटेल यांचा ‘बीड गेम’ (१९७७) कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा म्हणून नोंदलेला असतो, त्यामुळे भारतीय अ‍ॅनिमेशन शोधणाऱ्याच्या तो हाती लागत नाही. वास्तविक पटेल अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून पुढे गेलेले कलावंत आहेत. याच बोर्डाच्या संकेतस्थळावर अनेक लघुपट विनामूल्य आणि पूर्ण पाहता येतात, म्हणून दुवा पाठवायचा तर तिथला पाठवावा, कुणी उतरवून पुन्हा चढवलेल्या प्रतीचा नव्हे.

आवाज बंद ठेवून पाहणे ही चूक मला फार खटकते. मॅक्लॅरेन यांच्या ‘सिंक्रोमी’ (१९७१) मध्ये पडद्यावर नाचणारे पट्टे हीच त्यातल्या संगीताची ध्वनिपट्टी, म्हणजे फिल्मवरची जिच्यातून आवाज वाजतो ती पट्टी आहे. आवाज काढला की उरतात ते नुसते रंगीत चौकोन.

मोठ्या पडद्यावर दाखवताना मात्र वेगळीच अडचण येते. हालचाल गुळगुळीत, मेणचट दिसू लागली, तर दोष चित्रपटाचा नसून टीव्हीचा असतो. सेकंदाला २४ चौकटींच्या चित्रपटात हाताने काढलेले एकेक चित्र पुष्कळदा दोन चौकटी टिकते, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे होतात, आणि टीव्ही त्यांच्यामध्ये स्वतःच्या बनावट चौकटी भरतो. टीव्हीच्या चित्रविषयक सेटिंगमध्ये ‘मोशन’ या शब्दासह असलेला पर्याय शोधून तो पूर्णपणे बंद करावा, मग चित्रपट पहिल्यापासून लावावा.