कार्यकर्ता संस्था सोडतो तेव्हा: सामुदायिक माध्यम संस्थेत काम सोपवण्याची पद्धत

सामुदायिक रेडिओ किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्या संस्थेतून जुनी व्यक्ती बाहेर पडणार म्हटलं की सगळ्यांना आधी पासवर्ड आणि कॅमेऱ्याची बॅग आठवते. त्या गोष्टी उशिरा का होईना, सापडतात. सापडत नाहीत ते तिने लोकांना दिलेले शब्द: "तुमचा चेहरा दिसणार नाही", "प्रसारणाआधी ऐकवू", "इंटरनेटवर टाकणार नाही". हे बहुतेकदा फोनवर किंवा दारात उभं राहून दिलेले असतात, कागदावर कुठेच नसतात. म्हणून सुरुवात तिथून करा.

एकूण चार ते सहा आठवडे हाताशी असावेत. दोनच मिळाले तर दिलेले शब्द, खात्यांची मालकी आणि जवळ आलेल्या मुदती एवढंच पुरं करा.

शब्दांसाठी साधा तक्ता पुरतो. मुलाखतीचा क्रमांक, तारीख, संमती कशासाठी दिली (फक्त रेडिओ, ऑनलाइनसुद्धा, की दुसऱ्या संस्थेला देण्यासाठीही), अटी आणि संमतिपत्र कुठे ठेवलं आहे, एवढे रकाने. संमती तोंडी असेल तिथे जाणाऱ्या व्यक्तीनेच निघण्याआधी फोन करून खात्री करावी. हे काम नव्यावर सोडलं की समोरचा माणूस संकोचाने हो म्हणतो किंवा घाबरून फोनच घेत नाही.

ज्यांची नावं गुप्त ठेवायची आहेत, ती या तक्त्यात लिहायची नाहीत, कुलूपबंद फाइलमध्येसुद्धा नाही. जाणाऱ्या व्यक्तीने त्यांना एकेकट्याने विचारावं: तुमचा संपर्क पुढच्या व्यक्तीला देऊ का? नको म्हणाले तर विषय संपला, संपादकाने कितीही आग्रह केला तरी. त्यांना संस्थेचा कायम सुरू राहणारा एक नंबर द्यावा, म्हणजे पुढे बोलायचं की नाही हे त्यांच्या हातात राहतं. जाणाऱ्या व्यक्तीच्या खासगी फोनमधले फोटो आणि व्हॉइस नोट संस्थेच्या साठ्यात हलवून मग फोनमधून पुसावेत. क्लाउडवरच्या आपोआप बॅकअपमध्ये प्रत उरते, ती विसरली जाते.

वस्तीतल्या लोकांना बातमी तिच्याच तोंडून कळू द्या, पोस्टमधून नको. महत्त्वाच्या गटांशी दोन-दोन भेटी ठेवा. पहिल्या भेटीत जुनी व्यक्ती बोलेल, नवी ऐकेल. दुसऱ्या भेटीत नवी बोलेल आणि जुनी गप्प बसेल. दुसरी जास्त अवघड जाते, पण लोकांनी प्रश्न नव्या व्यक्तीला विचारायला लागावं ते इथेच घडतं.

आता खाती. नुसता पासवर्ड हातात आला म्हणजे खातं आपलं झालं असं नाही. प्रत्येक खात्यासाठी तीन गोष्टी पाहा: मालक म्हणून कोणाचा ईमेल आहे, ओटीपी कोणत्या फोनवर जातो आणि पैसे कोणाच्या कार्डावरून कापले जातात. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नोंदवलेला पत्ता, बहुधा इथेच अडकतं. नूतनीकरणाची सूचना जुन्या ईमेलवर जात राहते आणि एक दिवस संकेतस्थळ बंद पडतं. यूट्यूबचं चॅनेल ब्रँड अकाउंटवर (अनेकांना मिळून चालवता येणाऱ्या खात्यावर) असेल, तर नव्या व्यक्तीला आधी मालक म्हणून जोडावं लागतं आणि मुख्य मालक करण्याआधी किमान 7 दिवस थांबावं लागतं. शेवटच्या दिवसावर ठेवलं तर जमत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपची एकमेव ॲडमिन बाहेर पडली की उरलेल्यांपैकी कोणीही आपोआप ॲडमिन होतं. त्याआधीच दोघांना ॲडमिन करून ठेवा.

गूगलच्या संस्थात्मक योजनेत तिचं खातं घाईने पुसू नका. पुसलेलं खातं 20 दिवसांतच परत आणता येतं. आधी फाइलींची मालकी हलवा, मग खातं निलंबित करा.

संपादनाच्या फाइली सोपवताना प्रकल्प, कच्चं चित्रीकरण, आवाज, फॉन्ट आणि संगीताचा परवाना एकाच फोल्डरमध्ये हवेत. फक्त प्रकल्पाची फाइल कॉपी केली तर उघडल्यावर क्लिप सापडत नाहीत, कारण तिच्यात चित्रीकरण नसतं, त्याचा पत्ता असतो. तो फोल्डर नव्या व्यक्तीने दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवला, तरच सोपवला असं समजा. एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

अनुदानाचं काम थोडक्यात आटपतं. अहवालाच्या तारखा, खर्च कुठवर आला आणि करारात नाव असलेली व्यक्ती बदलत असेल तर देणाऱ्या संस्थेला लेखी कळवणं. जाणाऱ्या व्यक्तीला बँकेत सहीचा अधिकार असेल, तर तो बदलायला आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात अर्ज द्या.

शेवटच्या संध्याकाळी, ती समोर असतानाच सगळे सामायिक पासवर्ड बदला, कुठे लॉगिन उघडं राहिलं असेल तर ते बंद करा, ऑफिसचं वाय-फायही बदला. हा अविश्वास नव्हे. पुढे काही फुटलं तर संशय तिच्यावर जाऊ नये म्हणून. जुन्या कामावर तिचं नाव राहू द्यायचं की सुरक्षिततेसाठी काढायचं, हेही त्याच दिवशी विचारून लिहून ठेवा.

महिन्याभराने एका तासाची फोनभेट आधीच ठरवा आणि त्या तासाचं मानधन द्या. ती ठरलेली नसली की दर चार दिवसांनी "एकच विचारायचं होतं" असा फोन जातो आणि तिसऱ्या-चौथ्या फोननंतर ती उचलणं बंद करते.