महागड्या ई-बाइकचे सुटे भाग बदलताना : आधी काय, नंतर काय आणि कशाला हात लावू नये

बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स किंवा शिमानोची ईपी८ यांसारखी मोटर पेडलांच्या मधोमध बसवलेली माउंटन ई-बाइक साधारण २२ ते २५ किलो वजनाची असते. इतके पैसे मोजून घेतलेल्या बाइकमध्ये आणखी काय सुधारायचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण कारखान्यातून येणारी बाइक ‘सरासरी’ माणसासाठी जुळवलेली असते, आणि अनेकदा मोटर व बॅटरीवर खर्च झालेला पैसा टायर, ब्रेक पॅड आणि चेन यांच्यातून वाचवलेला असतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : जमिनीला टेकणाऱ्या भागापासून सुरुवात करावी, मग ब्रेक, मग गिअर, त्यानंतर बसण्याची ठेवण आणि सस्पेन्शन. मोटर आणि बॅटरी यांना कंपनीने दिलेल्या मार्गांपलीकडे हात लावू नये.

खरेदीआधी एक कागद वाचावा. इथे जर्मनीत सायकल उद्योगाची संघटना झेडआयव्ही, व्यापाऱ्यांच्या संघटना आणि झेडलर इन्स्टिट्यूट यांनी मिळून, २५ किमी वेगापर्यंत साहाय्य देणाऱ्या ई-बाइकवर कोणता भाग कोणाच्या परवानगीने बदलता येतो, याची एक मार्गदर्शिका तयार केली आहे. मोटर, सेन्सर, कंट्रोलर, डिस्प्ले, बॅटरी, चार्जर हे भाग बाइकच्या किंवा मोटर यंत्रणेच्या निर्मात्याच्या मंजुरीविना बदलता येत नाहीत. फ्रेम, फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा), मागचा शॉक (धक्के शोषणारा भाग) आणि ब्रेक यंत्रणा यांसाठी बाइक बनवणाऱ्याची संमती लागते. क्रँक (पेडलचा दांडा), टायर, ब्रेक पॅड, हँडलबार, स्टेम (हँडलबार धरणारा तुकडा), सीटपोस्ट यांबाबत बाइकच्या किंवा त्या भागाच्या निर्मात्याची संमती पुरते. ग्रिप, मडगार्ड, शिफ्टर (गिअर बदलण्याचा खटका), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) यांना कोणी विचारत नाही. पेडलेही बदलता येतात, मात्र ती मूळ पेडलांपेक्षा रुंद नसावीत. ही यादी जर्मन आहे, तरी तिच्यामागचा विचार कुठेही लागू पडतो : ज्या भागाच्या बिघाडाने माणूस पडू शकतो, त्याच्या निवडीची जबाबदारी कोणावर आहे, हे आधी ठरलेले बरे. वॉरंटीचा वाद उद्भवला की पहिला प्रश्न हाच येतो.

कोणत्याही कामाआधी बाइक बंद करून बॅटरी काढून ठेवावी, कारण चेनमध्ये बोटे असताना क्रँकला धक्का लागून मोटर फिरली तर इजा होते. हत्यारांमध्ये टॉर्क रेंचवर, म्हणजे ठरावीक पिळानेच बोल्ट आवळणाऱ्या पान्यावर, कंजुषी करू नये. शक्यतो दोन घ्यावेत, एक लहान बोल्टसाठी आणि एक ४० न्यूटन-मीटरच्या पुढे जाणारा.

टायरपासून सुरुवात करू. मूळ टायर अनेकदा पातळ आवरणाचा असतो आणि मागच्या चाकावर मोटरचा जोर व बाइकचे वजन दोन्ही येत असल्याने दगडाच्या धारेवर तो आधी फाटतो. मागे जाड आवरणाचा आणि थोड्या कडक रबराचा, पुढे मऊ रबराचा टायर ही जोडी डोंगरी वाटांवर सर्वांत उपयोगी ठरते. २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये ८० ते ८५ किलोच्या स्वाराने मागे १.७ ते १.९ बार आणि पुढे त्याहून थोडा कमी दाब ठेवून सुरुवात करावी, मग वाटेप्रमाणे थोडे थोडे बदलत जावे. बाइक मुख्यतः डांबरी रस्त्यावर आणि ४५ किमी वेगापर्यंत साहाय्य देणाऱ्या वर्गातली असेल, तर मात्र टायरवर ईसीई-आर७५ ही मान्यता हवी. २५ किमीच्या बाइकला तिची सक्ती नाही.

टायर बदलल्यावर बहुतेकांच्या लक्षातून निसटते ती चाकाच्या परिघाची नोंद. मोटरला वेग कळतो तो चाकाच्या फेऱ्या मोजून, त्यामुळे नवा टायर उंच असेल तर दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कमी येतो. व्हॉल्व्ह जमिनीच्या अगदी जवळ आणून फरशीवर खूण करावी, बाइकवर बसून एक पूर्ण फेरी सरळ पुढे जावे, पुन्हा खूण करावी आणि अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. बॉशच्या यंत्रणेत हा आकडा मूळ मूल्याच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे बदलता येतो. चाक काढून परत बसवल्यावर चुंबक आणि सेन्सर समोरासमोर आहेत का, हेही पाहावे. बॉशच्या स्पोकवरच्या चुंबकासाठी अंतर ५ ते १७ मिमी असावे लागते. ते चुकले की वेग दिसेनासा होतो, आणि माणूस मोटरमध्ये दोष शोधत बसतो.

आता ब्रेक. जड बाइकला मोठे ब्रेक लागतात असे सर्रास सांगितले जाते, पण आकडेमोड केली तर चित्र थोडे वेगळे दिसते. ८० किलोचा स्वार, ६ किलोची पाठपिशवी आणि २४ किलोची बाइक मिळून ११० किलो होतात. ६०० मीटर उतरताना, हवेचा आणि टायरचा अडथळा सोडला तर, ब्रेकना सुमारे ६५० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तोच स्वार १३ किलोच्या साध्या बाइकवर असता तर हा आकडा जेमतेम दहा टक्क्यांनी कमी आला असता. खरा फरक पडतो तो फेऱ्यांमुळे : मोटर असल्याने एका सकाळी एकाच डोंगरावर दोन-तीनदा चढणे होते आणि तितक्याच वेळा उतरणेही. पॅड लवकर संपतात ते यामुळे.

म्हणून आधी पॅड बदलून पाहावेत. सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे पॅड उष्णता आणि चिखल सोसतात, पण करकर आवाज करतात; सेंद्रिय पॅड शांत असतात आणि लवकर झिजतात. काही स्वस्त रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, ‘रेझिन ओन्ली’ (फक्त सेंद्रिय पॅडसाठी) असे कोरलेले असते. त्यांच्यावर सिंटर्ड पॅड अजिबात लावू नयेत. त्यानंतर रोटर. १८० मिमीऐवजी २०३ मिमीचा रोटर घेतला तर लिव्हरवरच्या त्याच जोरात सुमारे १३ टक्के जास्त रोधबल मिळते, २०३ वरून २२० वर गेल्यास साधारण ८ टक्के. फोर्क आणि फ्रेम यांना किती व्यासाची मर्यादा आहे, हे त्यांच्या माहितीपत्रकात दिलेले असते. एक बारीक अडचण इथे येते : स्रॅम या कंपनीचा मोठा रोटर २०० मिमीचा आणि शिमानोचा २०३ मिमीचा असतो. या दीड मिलिमीटर त्रिज्येच्या फरकामुळे एकाचा अडॅप्टर (पॅड धरणारा कॅलिपर योग्य उंचीवर बसवणारा तुकडा) दुसऱ्याला वॉशर घातल्याशिवाय जुळत नाही आणि पॅडची कड रोटरच्या बाहेर राहते किंवा रोटरच्या आतल्या आऱ्यांना घासते. रोटरची जाडीही पाहावी, १.८ मिमीसाठी बनलेल्या कॅलिपरमध्ये २ मिमीचा रोटर चालेलच असे नाही.

शिमानोच्या काही ई-बाइकवर वेगाचे चुंबक मागच्या रोटरलाच जोडलेले असते. तिथे साधा रोटर बसवला की साहाय्यच बिघडते, तेव्हा जुना रोटर उलटून पाहिल्याशिवाय नवा मागवू नये.

रोटरचे सहा बोल्ट टी२५ हत्याराने बसतात. दिसायला सारखेच असले तरी शिमानो त्यांच्यासाठी २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, तर स्रॅम ६.२, सेंटर लॉक (बोल्टांऐवजी मधल्या एकाच मोठ्या नटाने बसणारा रोटर) असेल तर ४०. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जावे. नवा रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि मग त्याला बोटही लावू नये, कारण हाताचा तेलकटपणा आवाजाला पुरेसा असतो. शेवटी पॅड आणि रोटर यांना एकमेकांची सवय लावायची : मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० किमीच्या आसपास वेग घ्यावा, एकच ब्रेक ठामपणे दाबून चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत यावे, आणि असे पुढच्या व मागच्या प्रत्येक ब्रेकसाठी वीस ते तीस वेळा करावे. पहिल्या दहा वेळांत ब्रेक निकामी वाटतो, मग पकड स्पष्ट वाढत जाते. हे न करता थेट घाट उतरला तर पॅडवर काचेसारखी चकाकी येते आणि नवा माल बदनाम होतो. ब्रेकच्या तेलाबाबत एवढेच : मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट तेल किंवा उलट घातले तर सील फुगून ब्रेक निकामी होतात.

गिअरच्या बाबतीत हौशी माणूस हलक्या कॅसेटवर (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचावर) पैसे घालवतो. २४ किलोच्या बाइकवर दीडशे ग्रॅम वाचवण्यात अर्थ नाही. मोटरचे ८५ न्यूटन-मीटर आणि पायाचा जोर एकाच चेनवरून जातात, त्यामुळे पोलादी दात हवेत. झीज मोजायला चेन-चेकर उत्तम, पण साधी पोलादी पट्टीही चालते : चेन ताणून एका पिनच्या मध्यापासून चोवीस कड्यांनंतरच्या पिनच्या मध्यापर्यंत मोजावे. नवी चेन ३०४.८ मिमी भरते. निर्मात्याने वेगळी मर्यादा दिली नसेल, तर अकरा आणि बारा गिअरच्या चेनसाठी अर्धा टक्का, म्हणजे साधारण ३०६.३ मिमी झाल्यावर ती बदलावी. वेळेवर बदललेली चेन स्वस्त पडते. उशीर झाला तर कॅसेट आणि चेनरिंगही (पुढचे दातेरी चक्र) सोबत जातात.

टिकाऊपणा हवा असेल तर शिमानोची लिंकग्लाइड श्रेणी विचारात घ्यावी. तिच्या कॅसेटचे दात जाड असतात, तिला अकरा गिअरची नेहमीची एचजी (हायपरग्लाइड) चेन लागते आणि ती जुन्या एचजी प्रकारच्या फ्री-हबवर (मागच्या चाकाचा कॅसेट धरणारा भाग) बसते. मात्र बारा गिअरच्या शिमानो बाइकचा फ्री-हब बहुधा मायक्रो स्प्लाइन प्रकारचा आणि स्रॅमचा एक्सडी प्रकारचा असतो, तेव्हा फ्री-हबची बॉडी बदलण्याचा खर्च धरावा. शिफ्टर आणि डिरेलरही लिंकग्लाइडचेच हवेत. हायपरग्लाइडच्या शिफ्टर-डिरेलरशी त्यांचा मेळ बसत नाही. स्रॅमचे २०२३ मधले ‘ट्रान्समिशन’ नावाचे गिअर घेण्याआधी फ्रेमला यूडीएच हँगरची (डिरेलर बसवण्याच्या प्रमाणित तुकड्याची) जागा आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर विषय तिथेच संपतो.

सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक आखूड क्रँकने पडतो, हे माझे ठाम मत. ई-बाइकवर मोटरची साथ मिळावी म्हणून दगडधोंड्यांतही पेडल मारत राहावे लागते, आणि पेडल दगडावर आपटते. १७० ऐवजी १६० मिमीचा क्रँक घेतला की १० मिमी जागा मिळते. सीटही तितकीच वर घ्यायची. क्रँकची आतली खाच मोटरनुसार वेगळी असते : बॉशला आयसिस प्रकारची, शिमानोला स्वतःची.

फोर्क लांब करण्याचा मोह मात्र आवरावा. २० मिमी जास्त ट्रॅव्हलमुळे (फोर्क दबण्याच्या लांबीमुळे) हेड अँगल, म्हणजे फोर्कचा कोन, साधारण एक अंशाने मागे कलतो, उतारावर बरे वाटते, पण सीटही मागे जाते आणि तीव्र चढावर पुढचे चाक उचलू लागते. त्याच पैशात आहे त्या फोर्कची देखभाल आणि सॅगची (स्वार बसल्यावर सस्पेन्शन जितके दबते त्याची) जुळवणी करून घ्यावी. पुढे सुमारे २० आणि मागे ३० टक्के सॅगपासून सुरुवात करावी. फोर्क बनवणारी रॉकशॉक्स कंपनी फोर्कच्या खालच्या नळ्यांची साफसफाई ५० तासांनी आणि पूर्ण सर्व्हिस २०० तासांनी सांगते.

मोटरची खरी जुळवणी फोनवर होते. बॉशच्या फ्लो अॅपमध्ये प्रत्येक मोडचे साहाय्य, प्रतिसादाची चपळता आणि कमाल टॉर्क बदलता येतात; शिमानोच्या ई-ट्यूबमध्ये दोन वेगळ्या प्रोफाइल ठेवता येतात. ओल्या मुळांवर चाक घसरत असेल तर चपळता कमी करावी, टायर बदलण्याआधी हे करून पाहावे. अधिकृत अपडेटही टाळू नयेत : २०२० च्या मॉडेलच्या सीएक्स मोटरला ७५ चे ८५ न्यूटन-मीटर एका अपडेटनेच मिळाले. वेगमर्यादा उठवणारे डबे मात्र घेऊ नयेत. बॉशची यंत्रणा फेरफार ओळखते, ५०४ क्रमांकाची चूक दाखवते आणि साहाय्य कमी करते. जर्मनीत अशी बाइक विम्याविना चालवलेले मोटार वाहन ठरते. भारतातही २५० वॅट आणि २५ किमी या मर्यादेत असेपर्यंतच नोंदणी व परवान्याची गरज नसते.

बॅटरीच्या बाबतीत दिसण्यावर जाऊ नये. बॉशच्या जुन्या यंत्रणेची ६२५ वॅट-अवरची पॉवरट्यूब बॅटरी आणि २०२१ पासूनच्या स्मार्ट सिस्टिमची ६२५ वॅट-अवरची पॉवरट्यूब परस्परांऐवजी चालत नाहीत. जास्तीचा पल्ला हवा असेल तर २५० वॅट-अवरची पॉवरमोर ही जादा बॅटरी जोडता येते, पण फ्रेम निर्मात्याने तिला मान्यता दिली असेल तरच. बॅटरी उघडून आतल्या पेशी बदलून देणारे कारागीर सापडतात. आगीचा धोका आणि विम्याचा नकार या दोन्ही कारणांनी त्यांच्याकडे जाऊ नये. परदेशातून पुण्या-मुंबईला बाइक नेण्याचा विचार असेल, तर प्रवासी विमानात १६० वॅट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी चालत नाही. तेव्हा बाइक सामानात गेली तरी बॅटरी धोकादायक मालाच्या नियमांनुसार मालवाहतुकीने पाठवावी लागते, आणि तिचे भाडे आधी विचारून मगच बाइकवर नवा खर्च करावा.